गोवा पोर्तुगालकडून भारताकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या सत्तांतराबद्दल महाराष्ट्रातले वाचक बहुतेक वेळा लढाईबद्दल विचारतात. गोव्यातल्यांना वारसाहक्क आणि जन्मनोंदीची काळजी असते, तर परदेशात गेलेल्या गोवेकरांना नागरिकत्वाची. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे. पणजीतला झेंडा दोन दिवसांत बदलला, पण एका राज्याची माणसं, कायदे, जमिनी आणि कागद दुसऱ्या राज्यात सामावून घ्यायला पुढची अनेक दशकं लागली, आणि काही बाबतींत ते काम आजही चालू आहे.

पोर्तुगीज सत्ता नेमकी कधी संपली?

१९ डिसेंबर १९६१ रोजी. १७ डिसेंबरच्या रात्री भारतीय फौजांची हालचाल सुरू झाली. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन विजय’. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्याकडे १७वी इन्फन्ट्री डिव्हिजन होती आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांच्याकडे ५० पॅरा ब्रिगेड. १९ तारखेच्या सकाळी भारतीय सैनिक पणजीत पोचले आणि त्याच रात्री गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो वासालु इ सिल्वा यांनी वास्को येथे शरणपत्रावर सही केली. कायद्याच्या कागदांत मात्र २० डिसेंबर ही तारीख दिसेल, कारण बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव त्या तारखेपासून भारताचा केंद्रशासित प्रदेश मानले.

‘४५१ वर्षांची गुलामगिरी’ संपूर्ण गोव्याला लागू होते का?

नाही, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही. आफोन्सु द आल्बुकेर्कने १५१० मध्ये जिंकलं ते तिसवाडी बेट. बारदेश आणि सासष्टी काही दशकांनी पोर्तुगीजांकडे गेले. या तीन महालांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मोठा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू त्यांच्या ताब्यात आला. त्या ‘नव्या काबिजादी’. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं.

धर्मांतराचा जोर, चर्चचं वर्चस्व आणि पोर्तुगीज शिक्षण यांचा ठसा जुन्या काबिजादींवर सर्वांत गडद आहे. नव्या काबिजादींमध्ये देवळं टिकली आणि मराठी पोथ्या, कीर्तनं, नाटकं चालू राहिली. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं का, यावरच्या १९६७ च्या मतदानात दोन्ही भाग वेगवेगळ्या दिशांना का झुकले, याचं बरंचसं उत्तर या नकाशात आहे.

१९४७ मध्ये इंग्रज गेले, मग पोर्तुगीज का राहिले?

ब्रिटनमध्ये निवडून आलेलं सरकार होतं, पोर्तुगालमध्ये आंतोनियु सालाझारची हुकूमशाही. त्याच्या लेखी वसाहती म्हणजे पोर्तुगालचं शरीर. १९५१ मध्ये त्याने राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं नाव दिलं. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत ठरला की तो सोडण्याची चर्चाच उरत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. शिवाय पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि पश्चिमी देश आपल्या पाठीशी राहतील असा सालाझारला भरवसा होता.

नेहरू सरकारने १९५० मध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव दिला. लिस्बनने तो धुडकावला. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधलं आपलं कार्यालय बंद केलं आणि १९५५ मध्ये संबंध पूर्ण तुटले. गोव्याच्या आतली चळवळ याच्या बरीच आधीपासून होती. गोव्यातले राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं काम जुनं होतं आणि १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडल्यावर तिला नवं बळ आलं.

यात महाराष्ट्राचा वाटा किती?

मोठा. मात्र तो नुसत्या अभिमानाने सांगण्यापेक्षा तपशिलाने सांगावा. १९५५ च्या सत्याग्रहात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे तुकड्या घेऊन हद्द ओलांडून गेले. मधु लिमयेंनी गोव्यातल्या तुरुंगात काळ काढला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह अनेक ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवी म्हणजे बांद्याहून गोव्यात शिरताना लागणारं पहिलं गाव. तिथलं स्मारक महामार्गालगत आहे. येता-जाता तिथे थांबावं.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ मध्ये जखमी अवस्थेत ते पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आलं. गोवा मुक्त झाला तेव्हा ते तिथेच होते आणि सुटले थेट जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी लढले ती स्वतंत्र होऊन सात वर्षं उलटली तरी हा माणूस परक्या देशात कैदेत होता. मुक्तीदिनाच्या भाषणांत त्यांचं नाव येतं, पण ही सात वर्षं सहसा येत नाहीत. दुसरे मुक्तिसैनिक तेलु मास्कारेन्हस यांना सुटायला तर १९७० उजाडला.

दादरा-नगर हवेलीचा गोव्याशी काय संबंध?

ती गोव्याची रंगीत तालीम होती, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने गोव्याइतकीच महत्त्वाची. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, विश्वनाथ लवंदे होते, राजा वाकणकर होते. पोर्तुगालला तिथे फौज पाठवायची होती, पण मध्ये भारताची जमीन होती. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं की खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना नव्हता. शिवाय भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. म्हणजे पोर्तुगालला कागदावर थोडं मिळालं आणि प्रत्यक्षात काहीच नाही.

या प्रदेशाचा कारभार सात वर्षं तिथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ मध्ये भारतात सामील होण्याच्या करारावर सही करायला कोणीतरी राज्यप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करण्यात आलं. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने विलीनीकरण झालं.

नाकेबंदीच्या काळात गोव्यातली माणसं कशी जगली?

भारताने १९५४-५५ पासून व्यापार, रेल्वे आणि पैशांची ये-जा आवळली. तोवर असंख्य गोवेकर घरांचा चरितार्थ मुंबईतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत होता. त्यामुळे पहिली झळ लिस्बनला न बसता या घरांना बसली. सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसांचं लग्नकार्य, देवदर्शन आणि नातीगोतीही परवान्यांच्या कचाट्यात सापडली.

पोर्तुगालने उत्तर म्हणून समुद्राचा रस्ता धरला. पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन आणि युरोपातून जिन्नस येऊ लागले. दाबोळीचा विमानतळ याच काळातला. मुख्य आधार होता लोहखनिजाचा: १९५० च्या सुमारास जपानला निर्यात सुरू झाली, मग पश्चिम जर्मनीला. नाकेबंदीने गोवा गुडघे टेकेल ही दिल्लीची अपेक्षा त्यामुळे फोल ठरली. दोन्ही बाजूंनी रेटलेल्या या सहा-सात वर्षांत गोवा मुंबईपासून तुटला आणि टोकियोशी जोडला गेला.

जगाने तेव्हा भारताला आक्रमक म्हटलं होतं, हे खरं का?

जगातल्या एका भागाने म्हटलं होतं. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला: युद्ध थांबवा आणि भारताने फौजा मागे घ्याव्यात. बाजूने सात मतं पडली. विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाई स्टीव्हनसन फार कडक बोलले. शांततेचे धडे देणाऱ्या नेहरूंनी बळ वापरलं, हा सल पश्चिमेत बराच काळ राहिला.

दुसऱ्या बाजूला डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव, क्रमांक १५१४, मंजूर केला होता. दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२ ने पोर्तुगालच्या प्रदेशांची यादी करून त्यांची माहिती देणं पोर्तुगालवर बंधनकारक आहे असं बजावलं. त्या यादीत गोवा होता. १९६१ मध्ये अंगोलात उठाव पेटला आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत झालेल्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी भारताला उघड टोचलं की तुम्ही पाऊल उचलाल तर आमच्या लढ्याला हात मिळेल. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि दिल्लीतली चालढकल संपली.

माझं मत स्पष्ट आहे. चौदा वर्षं वाटाघाटींचा दरवाजा ज्याने बंद ठेवला, त्याला बळाच्या वापराबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर वाईट होता का?

वासालु इ सिल्वांना लिस्बनहून आलेला हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील नाही तर मृत. तीन-साडेतीन हजार माणसं, जुनी हत्यारं, विमानदळ जवळपास शून्य. ‘आफोन्सु द आल्बुकेर्क’ ही एकच मोठी युद्धनौका, तीही मुरगावजवळ भारतीय फ्रिगेटांशी झुंजून निकामी झाली. त्यांनी शरणागती पत्करली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे मिळून काही डझनांवर बळी गेले नाहीत आणि पणजीची जुनी वस्ती शाबूत राहिली.

सालाझारने त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा दर्जा परत मिळाला आणि १९८० मध्ये ते पाहुणे म्हणून गोव्यात येऊन गेले. ज्या माणसाने आपल्या हुकूमशहाची अवज्ञा करून एक शहर वाचवलं, त्याचं ऋण गोव्याने मानावं असं मला मनापासून वाटतं.

पोर्तुगालने हे सत्तांतर केव्हा मान्य केलं?

तेरा वर्षांनी. तोवर लिस्बनच्या कागदोपत्री गोवा पोर्तुगालचाच प्रांत होता. त्या रागाची किंमत मोझांबिकमधल्या भारतीयांनी मोजली: अनेकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली आणि शेवटी देशाबाहेर काढलं. गोव्यात पकडलेले पोर्तुगीज सैनिक मे १९६२ मध्ये मायदेशी परतले.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करी क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालच्या बाजूने मारियु सुआरिश यांनी सही केली, भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश राज्यघटनेनुसार ज्या तारखेला भारताचा भाग झाले, त्या तारखेपासून त्यांच्यावर भारताचं पूर्ण सार्वभौमत्व आहे, असं पोर्तुगालने त्यात मान्य केलं. १९७५ मध्ये करार अमलात आला.

१९६१ नंतर गोव्यातल्या लोकांना भारताचं नागरिकत्व अर्ज करून घ्यावं लागलं का?

नाही. मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला होता, ते सगळे आपोआप भारतीय झाले. ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं त्यांनी एका महिन्यात लेखी तसं कळवायचं होतं.

काही मोजक्यांनी तसं कळवलंही. त्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते. राहण्याची परवानगी संपल्यावरही ते गेले नाहीत, खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जिनिव्हा करारानुसार गोवा हा ‘व्याप्त प्रदेश’, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला प्रदेश आहे आणि मला हाकलता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: प्रदेश जिंकून सामील करून घेतल्यावर व्याप्ती संपते. जन्मभर ज्या गावात राहिलो तिथे एका महिन्याच्या मुदतीत परका ठरण्याची वेळ त्यांच्यावर आली. निकाल कायद्याने बरोबर असला तरी त्या माणसाची घुसमट समजून घ्यायला हवी.

मग आज इतके गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट कसा काढतात?

पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्यांच्या राजवटीत गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेली माणसं पोर्तुगीज नागरिक होती आणि तो हक्क त्यांची मुलं-नातवंडंही मागू शकतात. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्या पासपोर्टवर सगळा पश्चिम युरोप उघडा झाला. लिस्बनपेक्षा इंग्लंडकडे ओढा जास्त राहिला; स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपताना, पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मुक्तपणे जायची ती सोय संपली.

प्रत्यक्ष काम कागदांचं असतं. आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग आजी-आजोबांचं लग्न, मग आईचा किंवा वडिलांचा जन्म, मग त्यांचं लग्न आणि शेवटी स्वतःचा. एक दुवा तुटला की पुढचं अडतं. हिंदू घरांत नावांची लिपीच अडचण होते. जुन्या नोंदीत प्रभू हा ‘पोरोब’ असतो, कामत ‘कामोतिम’, नाईक पोर्तुगीज वळणाने लिहिलेला. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र इंग्रजी वळण. एकच माणूस आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रांची रांग लागते.

पोर्तुगीज जन्मनोंद केली तर भारतीय नागरिकत्व जातं का?

भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. वाद आहे तो एका टप्प्याबद्दल: लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद झाली, पण पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतला नाही, तर काय? गोव्यात हा प्रश्न निवडणुकांपासून नोकऱ्यांपर्यंत सगळीकडे डोकं वर काढतो. त्यामुळे ‘सध्या फक्त नोंद करून ठेवू’ असं ठरवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

भारतीय पासपोर्ट रद्द झालेल्यांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मिळणं मध्यंतरी अवघड झालं होतं. २०२४ मध्ये केंद्राने पासपोर्ट जमा केल्याच्या दाखल्याऐवजी रद्दीकरणाचा कागदही चालेल अशी सवलत दिली.

गोव्यात समान नागरी कायदा आहे, तो कुठून आला?

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६२ च्या कायद्याने, बदल होईपर्यंत जुने कायदे चालू ठेवले आणि ही संहिता राहिली. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता आणली. म्हणजे जो कायदा पोर्तुगालने सोडला, तो गोव्याने जपला.

त्यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक, लग्नाची नोंद सरकारी निबंधकाकडे सक्तीची. लोक ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ म्हणतात: आधी इरादा नोंदवायचा, हरकतींसाठी दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी सही. ही दुसरी सही राहिली तर मांडवातलं लग्न कागदावर उभं राहत नाही. दोन, वेगळा करार लग्नाआधी केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि तिचा अर्धा हिस्सा बायकोचा असतो. मुलांना, त्यांत मुलीही आल्या, मालमत्तेच्या अर्ध्या भागातून मृत्युपत्रानेही वगळता येत नाही.

वाटणी ‘इन्व्हेंटरी’ने होते. घराचा कर्ता म्हणून एक वारस यादी देतो. जमीन, घर, दागिने, कर्ज, सगळं त्यात येतं. मग एखादी वस्तू कोणाला हवी यावर वारसांतच बोली लागते. घर जो जास्त किंमतीला घेईल तो बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम देतो. भावाबहिणींनी एका खोलीत एकमेकांवर बोली लावणं ऐकायला कठोर वाटतं. पण बहिणीला हक्काने तिथे बसता येतं, हे उर्वरित भारतात कितीतरी काळ घडत नव्हतं. २०१२ च्या वारसा कायद्याने, जो २०१६ मध्ये अमलात आला, वारसा आणि इन्व्हेंटरीचे नियम भारतीय कायद्याच्या भाषेत नव्याने लिहिले.

अपवाद आहेत. १८८० च्या एका हुकुमात हिंदूंच्या काही जुन्या रूढींना मुभा आहे, त्यांत मूलबाळ नसल्यास अटींसह दुसऱ्या लग्नाचीही. ती आज वापरात नाही, पण ‘पूर्णपणे समान’ असं म्हणणाऱ्यांनी ती वाचावी.

माझे वडील गोव्याचे, फ्लॅट मुंबईत आहे. कोणता कायदा लागेल?

२०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाच्या भारतातल्या कोणत्याही ठिकाणच्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो आणि हा कायदा आता परदेशी नसून भारतीय कायदा आहे. अधिवास गोव्याचा होता की नाही, हे आधी ठरवावं लागेल.

जमिनी आणि खाणींचं काय झालं?

गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदाद, पोर्तुगीजांच्याही आधीच्या. त्यांची संहिता पोर्तुगीजांनी एप्रिल १९६१ मध्ये, जाण्याच्या आठ महिने आधी, नव्याने काढली आणि तीच आधारभूत आहे. कुळ कायद्यांनी कसणाऱ्यांना हक्क मिळाले, हे योग्यच झालं. पण अतिक्रमणं आणि फाइलींच्या गोंधळात या संस्था खंगल्या.

खाणींची गोष्ट जास्त बोचणारी आहे. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण-सवलतींना मुदतच नव्हती. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून भाडेपट्टे ठरवल्या, तेही २० डिसेंबर १९६१ पासून मागे जाऊन. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पट्टे २००७ मध्येच संपल्याचं सांगितलं आणि २०१८ मध्ये नूतनीकरणही रद्द केलं. डिचोली-सत्तरी-सांग्यातल्या ट्रकवाल्यांचा रोजगार बुडाला. त्याच तालुक्यांतली शेतं त्याआधी वर्षानुवर्षं लाल गाळाखाली गेली होती. मुदत नसलेली एक सवलत वेळीच नीट मोडली नाही, तर पिढ्यांचं कसं नुकसान होतं ते इथे दिसतं.

गोवा महाराष्ट्रात का आला नाही?

कारण लोकांना विचारलं गेलं आणि त्यांनी नाही म्हटलं. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, ‘दोन पानं’ म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी होते. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांनी आधी राजीनामा दिला. विरोधात युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा होते आणि काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत जनमताचा आग्रह धरून बसले होते.

विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखन ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात झालं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर घरोघरी वाचलं जायचं. म्हणजे मराठी वाचणाऱ्या हजारो लोकांनी मराठीतच विचार करून वेगळं राहायचं ठरवलं. आणि दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विधानसभेत बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडला. त्यांना बहुजनांच्या शाळा काढणारा मुख्यमंत्री हवा होता आणि आपलं वेगळेपणही हवं होतं.

महाराष्ट्रात अजून काही जण हा कौल म्हणजे आपला विश्वासघात मानतात. मला ते पटत नाही. १९६१ मध्ये गोवेकरांना कोणी विचारलं नव्हतं. १९६७ मध्ये विचारलं. या सगळ्या सत्तांतरातली सर्वांत चांगली गोष्ट तीच.

मराठी आणि कोकणीचा वाद मिटला का?

कायद्याने मिटला, मनांत पुरता नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर सरकारी कामासाठी ग्राह्य राहिला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. रोमी लिपीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती कोकणीवाल्यांची आपल्याला वगळल्याची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. न्यायाच्या बाबतीत मुंबईशी नातं टिकलं: १९८२ पासून गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे.

हाँगकाँग, मकाव आणि पुदुच्चेरीपेक्षा गोव्याचं वेगळेपण कशात?

तिथे आधी करार, मग सत्तांतर. हाँगकाँगसाठी १९८४ मध्ये संयुक्त घोषणा, १९९७ मध्ये हस्तांतर. मकावसाठी १९८७ मध्ये, हस्तांतर २० डिसेंबर १९९९ रोजी. दोन्हीकडे पन्नास वर्षं जुनी व्यवस्था राखण्याचं वचन लिहून घेतलं गेलं. ते कसं पाळलं जातं, हे हाँगकाँगमध्ये २०२० नंतर जगाने पाहिलं. पुदुच्चेरीत फ्रान्सने १९५४ मध्ये कारभार सोडला, १९५६ मध्ये करार केला, १९६२ मध्ये तो अमलात आला. दर्जा बदलायचा तर लोकांची इच्छा जाणून घ्यावी, असं त्या करारात लिहिलेलं आहे.

गोव्याच्या बाबतीत आधी सत्तांतर, तेरा वर्षांनी करार. त्यामुळे परकीय सरकारने लिहून घेतलेली कोणतीही हमी गोव्याला नव्हती. जे टिकलं, ते भारतीय संसदेने, न्यायालयांनी आणि मतपेटीने टिकवलं.

पोर्तुगाल आणि बाकीच्या जगाशी आज गोव्याचं नातं कसं आहे?

१९९४ मध्ये पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पुन्हा सुरू झाला, पणजीतल्याच फोंतेन्यास या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएन्ते ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था काम करू लागली. १९९८ मध्ये वास्को द गामाच्या आगमनाची पाचशे वर्षं साजरी करायला गोव्यात कडाडून विरोध झाला, आणि २०१४ मध्ये पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा गोव्यातच भरल्या. या दोन्ही गोष्टी एकाच समाजाच्या आहेत. २०१५ ते २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष असलेले आंतोनियु कोश्ता यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं.

पण गोव्याची जगाशी असलेली नाळ लिस्बनपुरती कधीच नव्हती. मुंबईत धोबीतलाव परिसरात गावोगावच्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक राहण्याची ठिकाणं आहेत; बोटीवर जाणारे तारवटी तिथे खाट टाकून बोलावण्याची वाट बघत. तियात्र हे कोकणी संगीतनाट्य १८९२ मध्ये मुंबईत जन्मलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर यांनी गोव्यातून येऊन महाराष्ट्राचं संगीत घडवलं. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पियु गामा पिंटू गोव्याच्या मुक्तीसाठीही झटले होते. १९६५ मध्ये नैरोबीत त्यांची हत्या झाली. बारदेशात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा मोझांबिकच्या फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचे निकटचे सल्लागार होते आणि १९८६ मध्ये अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले.

बँकेत गहाण ठेवलेलं सोनं परत मिळालं का?

हो, पण तीस वर्षांनी. बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु या पोर्तुगीज बँकेत सामान्य माणसांनी कर्जापोटी ठेवलेले दागिने मुक्तीपूर्वी लिस्बनला हलवले गेले होते. १९७४ च्या कराराने मालमत्तेच्या दाव्यांवर बोलणी सुरू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९९१ मध्ये हे दागिने भारतात, स्टेट बँकेकडे आले. ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी ते सोडवून नेले. घरात जुनी पोर्तुगीज पावती सापडली तर ती फेकू नका: सोनं मिळो न मिळो, आजीचं नाव, गाव आणि तारीख सांगणारा तो अस्सल कागद आहे आणि जन्मनोंदीची साखळी जोडताना असाच एखादा कागद उपयोगी पडतो.